मशीनखालचं बोचकं

माझी आई धुवायची. सगळ्यांच्याच आया धुतात, पण आईचा तो स्वभाव होता. पाहुणे एसटी स्टँडवर पोचायच्या आत त्यांच्या चादरी बादलीत बुडालेल्या असायच्या. ताप उतरला की उशांचे अभ्रे, परीक्षा संपली की दप्तर, आणि कोणाच्या मयताला जाऊन आली की साडीपासून चपलांपर्यंत सगळं मोरीत. बाबा म्हणायचे, पनवेलच्या नळाला पाणी येतं ते आपल्या घरासाठीच सोडतात, उरलंच तर बाकीच्या गावाला मिळतं. आईला यात टोमणा आहे असं कधी वाटलंच नाही. उलट ती मान डोलवायची.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते या धुण्यावरूनच झालं.

आम्ही जुन्या पनवेलात तळ्याच्या मागे, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे फरसबंद अंगण. अंगणात एक पेरू होता. त्याचे पेरू आमच्यापेक्षा पोपटांनीच जास्त खाल्ले. वरच्या मजल्याच्या गच्चीतून हवा स्वच्छ असली की कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. बाबा कळंबोलीच्या लोखंडबाजारात एका गाळ्यावर कामाला होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला गंजाचा वास यायचा. तो शर्ट अर्थातच लगेच मोरीत जायचा.

आत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी पाचवीत होते. ती बाबांची मोठी बहीण. तिचं सासर पेणला. काका एका सकाळी कामावर जायला निघाले आणि पायरीवरच बसले, ते गेलेच. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर बाबा तिला घेऊन आले. सोबत एक ट्रंक आणि शिलाईमशीन. त्या दिवशी आत्या जेवली नाही, आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत झोपून राहिली. तेवढ्या वेळात आईनं तिची ट्रंक उघडली आणि आतलं सगळं धुऊन टाकलं. साड्या, परकर, चादर, काकांचा एक तपकिरी मफलर. पांढऱ्याला नीळ, सुतीला खळ. आत्याला जाग आली तेव्हा अंगणातल्या तिन्ही दोऱ्या भरल्या होत्या. आई म्हणाली, "ताई, काही काळजी करू नका, सगळं स्वच्छ करून ठेवलंय." आत्या दारात उभी राहून त्या दोऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस." मला तेव्हा आईचा फार अभिमान वाटला होता. कोणाची नणंद अशी घरी आल्यावर कोण एवढं करतं?

आत्यानं पुढच्या खोलीच्या खिडकीशी मशीन मांडलं आणि साड्यांना फॉल लावणं, ब्लाऊज शिवणं सुरू केलं. थंडीत ती तो मफलर गळ्याला गुंडाळून बसायची. पनवेलला थंडी ती कितीशी, पण ती गुंडाळायची. मशीनखाली कापडाच्या कातरणांचं एक मोठं बोचकं असायचं. ते फेकायचं नाही, उशीत भरायला होतं, असं ती म्हणायची. त्या घरात आईचा हात जिथे पोचत नसे अशी ती एकच जागा होती, आणि आईला ती सलायची.

ससे पुढच्या वर्षी आले. बाबांना एका ट्रकवाल्यानं दिले. त्याच्या गाडीत कोणीतरी ठेवून गेलं होतं म्हणे. बिस्किटांच्या खोक्यातून दोन पिल्लं निघाली. एक पांढरं, एक काळ्या-करड्या ठिपक्यांचं. आईनं पहिल्याच मिनिटाला अट घातली की नावं ठेवायची नाहीत, नाव दिलं की माया लागते. म्हणून आम्ही त्यांना रंगावरून पांढरी आणि कबरी म्हणायला लागलो, आणि माया लागायची ती लागलीच.

खरं तर आधी पांढरा आणि कबरी असं होतं. जोडीनं आलेत म्हणजे नवराबायको, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली तेव्हा आमच्या आळीतल्या पोरांनी अंगणात यांचंही लावून टाकलं. अंतरपाटाला आत्याकडचा फॉलचा तुकडा होता. अक्षता नवऱ्यानंच खाऊन टाकल्या. मग सगळे पिल्लांची वाट बघायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एक पिल्लू आधीच मागून ठेवलं होतं. बरेच महिने काही होईना, तेव्हा बाबा खोकं घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर म्हशी-बैलांचे. त्यांनी दोघांना उलटं करून पाहिलं आणि हसत म्हणाले, दोन्ही माद्या आहेत हो. काकू आमच्यावर नाराज झाल्या, जणू आम्ही त्यांना मुद्दाम फसवलं होतं.

पण लग्न लावल्यासारखंच त्या राहायच्या. बाबांनी आंब्याच्या पेट्या जोडून, कळंबोलीहून आणलेली जाळी ठोकून त्यांना अंगणात घर करून दिलं होतं. खाली गोणपाट, वर पत्रा. कर्नाळ्याकडच्या बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन यायच्या, त्यांच्याकडून गवत घ्यायचं. भाजीवाला मुळ्याचा पाला आणि फ्लॉवरची पानं आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. खाऊन झालं की कबरी डोकं खाली घालून बसायची आणि पांढरी तिचे कान चाटायची. आधी एक, मग दुसरा, मग डोळ्यांच्या मधली जागा. कबरीनं उलट कधी चाटल्याचं मी पाहिलं नाही. आमची आई म्हणायची, बघा, एक धुणारी आणि एक धुऊन घेणारी. पांढरी तिची लाडकी होती ती बहुधा त्यामुळेच.

दुपारी दार उघडं असलं की पांढरी घरात यायची आणि थेट आत्याच्या मशीनखाली त्या बोचक्यावर जाऊन पसरायची. आत्या त्यांना उंदरं म्हणायची. पण पांढरी खाली झोपलेली असली की तिचा पायंडलवरचा पाय हळू चालायचा. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, "मशीनला तेल नाहीये."

आठवीत असताना, थंडीतल्या एका सकाळी मी गवत टाकायला गेले तर पांढरी आडवी पडलेली होती. आदल्या संध्याकाळी मुळ्याचा पाला खाऊन, अंगणभर दोन फेऱ्या मारून ती झोपायला गेली होती. ना आजार, ना जखम, ना मांजर आल्याची काही खूण. अंग कडक झालं होतं. कबरी तिच्या बाजूलाच बसली होती आणि आपलं डोकं तिच्या तोंडापाशी नेऊन खाली घालून थांबली होती. कान चाटायला पुढे करतात तसं.

मी हाक मारली. आई आली, तिनं एकदा पाहिलं आणि कामाला लागली. वाईट वाटलं की आईचे हात जास्त जोरात चालायचे. मला म्हणाली, हात लावू नकोस, आंघोळ कर, शाळेत जा. चाचणी परीक्षा होती, नाहीतर मी गेले नसते. निघताना पाहिलं तर कबरीला मोरीत टोपलीखाली झाकून ठेवलं होतं, म्हणजे तिला काही दिसू नये. तिला त्रास नको, असं आईचं म्हणणं. बाबा पेरूच्या पलीकडे खड्डा खणत होते. आत्या दारात उभी होती. तिच्या हातात फॉलची साडी तशीच होती.

दुपारी परत आले तेव्हा पेट्यांचं घर उन्हात उलटं वाळत पडलं होतं. आईनं ते कढत पाण्यानं घासून, वर फिनेल टाकून धुतलं होतं. गोणपाट आणि उरलेलं गवत जाळलं होतं. फरशी घासली होती. पांढरीची पाण्याची वाटी घासली होती. त्या दिवशी अंगणात दवाखान्यासारखा वास येत होता. घरातलं माणूस गेल्यावर जे करतात तेच तिनं केलं होतं. अंथरूण काढायचं, कपडे देऊन टाकायचे, घर धुवायचं, म्हणजे राहिलेल्यांना जड जात नाही. तिच्या आईनं हेच केलं, तिच्या आजीनं हेच केलं. एका सशासाठी कोण एवढं करतं? तिनं केलं, कारण तिच्या लेखी पांढरी घरातलीच होती. हे मला कळायला फार वर्षं गेली.

नवं गोणपाट घालून कबरीला आत सोडली. तिनं एक चक्कर मारली. मग दुसरी. जाळीच्या कडेकडेनं हुंगत, कोपरा न् कोपरा, खालून वरून. मग ती बाहेर येऊन दारातच थांबली, जणू चुकीच्या घरात शिरली होती. पुन्हा आत ठेवली तर मागचा पाय आपटला. शेवटी एका कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून बसली, ती बसलीच. मुळ्याचा पाला तसाच. कोथिंबीर तशीच. गाजर आईनं स्वतः किसून ठेवलं, त्याला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा त्या म्हशींच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, पांढरी कशानं गेली ते मला सांगता येणार नाही, ससे असेच जातात. पण दुसरीला खायला लावा. सशाचं पोट सतत चालू असावं लागतं, एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू होत नाही. आज-उद्यात खाल्लं नाही तर तीही हाताची जाईल. बाबांनी हे घरी येऊन सांगितलं आणि मी तिथेच रडायला लागले. एक गेल्याचं रडू आतच कुठेतरी अडकलं होतं. दुसरी जाईल या भीतीनं दोघींचं मिळून आलं.

मग सगळ्यांनी आपापले उपाय केले. बाबांनी दाढीचा आरसा आणून पेटीत टेकवला, म्हणजे तिला सोबत आहे असं वाटेल. कबरी उठली, आरशापाशी गेली, हुंगलं, आणि मग आरशाच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. बाबांनी आरसा काढून घेतला आणि कामावर निघून गेले. दारावर येणाऱ्या कोळिणीनं पाटी उतरवून ठेवत कबरीकडे नीट पाहिलं आणि निदान केलं, "नजर लागली हाय, वयनी. मीठ-मोहऱ्या उतरवा, दुसरं काय नाय." आईचा या गोष्टींवर विश्वास होता असं नाही, पण तिनं उतरवल्या. कबरी शिंकली. तेवढं एक झालं. वरच्या काकू म्हणाल्या, दुसरा ससा आणा. आई म्हणाली, आणि तोपर्यंत?

संध्याकाळी आई कबरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि भिजवलेल्या पोह्यांचा घास तिच्या तोंडाशी धरत होती. कबरी तोंड फिरवायची. आई पुन्हा धरायची. मी आईला असं काही न धुता नुसतं बसलेलं फार कमी वेळा पाहिलंय. मशीन आत चालू होतं, ते थांबलं. आत्या बाहेर आली. गळ्यात तपकिरी मफलर, आणि दोन्ही हातांत ते कातरणांचं बोचकं, छातीशी धरलेलं.

तिनं ते पेटीत ठेवलं. लाल-हिरव्या-जांभळ्या चिंध्यांना सगळीकडे पांढरे केस चिकटलेले होते. मधोमध एक खळगा पडला होता, पांढरीच्या अंगाएवढा.

"सोड तिला," आत्या म्हणाली.

आईनं कबरीला आत सोडलं. कबरी क्षणभर होती तिथेच थांबली. मग नाक हलायला लागलं. ती पुढे सरकली, खळग्यात तोंड घातलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. मग पुढच्या पायांनी चिंध्या ओढायला लागली, हनुवटी घासायला लागली, एक चिंधी तोंडात धरून इकडची तिकडे केली. मला वाटलं आता ती तिला शोधेल आणि सापडली नाही म्हणून पुन्हा कोपऱ्यात जाईल. तसं झालं नाही. ती गोल फिरली आणि त्या खळग्यात शिरून बसली. डोकं खाली घातलं, कान मागे टाकले, आणि डोळे मिटले.

आई म्हणाली, "ताई, मी हेही धुवायला काढणार होते काल. तुम्ही नको म्हणालात."

"हो."

"मला वाटलं उशीचं म्हणून."

आत्या पायरीवर बसली. ती काकांबद्दल कधीच बोलायची नाही. आमच्यासमोर नाही, बाबांसमोरही नाही. त्या दिवशी बोलली, तेही कबरीकडे बघत.

"ते गेले तेव्हा तिकडे सगळ्यांनी असंच केलं. अंथरूण, कपडे, उशी, सगळं. माझ्यासाठीच केलं गं, चांगल्या मनानं केलं. चार दिवसांत त्या घरात त्यांचा वास कुठेच उरला नाही. मी एक मफलर तेवढा ट्रंकेत तळाशी दडवून आणला होता."

मला त्या तिन्ही दोऱ्या आठवल्या, खळ घातलेल्या साड्या आठवल्या आणि दारात उभी राहून "बरं केलंस" म्हणालेली आत्या आठवली. आईलाही आठवलं असणार. तिचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. तिनं आत्याच्या गळ्यातल्या मफलरकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला एकदा सांगायचं होतंत, ताई. एवढी वर्षं."

"सांगून काय होणार होतं? धुतलेलं परत येतं का? आणि तू तरी काय वाईट केलंस? कपडे स्वच्छ झाले."

यावर आई रडली. आत्या नाही रडली. ती उठली, आईच्या हातातली पोह्यांची वाटी घेतली आणि म्हणाली, हे ससे खात नाहीत वहिनी, मुळ्याचा पाला आण. मी धावत जाऊन आणला. आत्यानं एक पान बोचक्याच्या कडेला ठेवलं आणि आम्हा दोघींना आत पिटाळलं, कोणी टक लावून बसलं की कोण जेवेल म्हणून. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिलो. अंधार पडता पडता कबरीनं डोळे उघडले, ते पान ओढलं आणि बसल्या जागी कडेपासून खायला लागली. तो कुरकुर आवाज आम्हाला खिडकीपर्यंत ऐकू आला. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

कबरी त्यानंतर काही वर्षं जगली. दुसरा ससा आणला नाही. दुपारी ती घरात यायला लागली आणि आत्याच्या पायांशी झोपायला लागली. आत्या तिला उंदीर म्हणत राहिली. संध्याकाळी शिवण आवरून झालं की आत्या खाली वाकायची आणि बोटानं तिचे कान पुसायची, आधी एक, मग दुसरा, मग डोळ्यांच्या मधली जागा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती उंदरांकडे कधी बघतच नाही असा आमचा समज होता, एवढंच.

आणि ते बोचकं. कबरी असेपर्यंत ते त्या पेटीत होतं. कळकट झालं, कुजट वास यायला लागला, पाहुणे नाकाला पदर लावायचे. आई दर रविवारी पेटी धुवायची, पत्रा धुवायची, अंगण धुवायची. तेवढ्यापुरतं बोचकं ताटात काढून बाजूला ठेवायची आणि परत जागच्या जागी ठेवायची. वरच्या काकूंनी एकदा विचारलं, एवढी तुम्ही स्वच्छतेची आणि हे काय? आई म्हणाली, ते ताईंचं आहे.

आत्या गेली तेव्हा मी कॉलेज संपवून नोकरीला लागले होते. कबरी आधीच गेली होती. गावाबाहेर नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, खारघरच्या बाजूला डोंगर फोडल्याचे आवाज यायचे, आमच्या गच्चीतून कर्नाळ्याच्या आड एक पाण्याची टाकी आली होती. आत्याला फार त्रास झाला नाही. बाबांना झाला. आई-वडील लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. बाबा कामावरून यायचे आणि बंद मशीनपाशी खुर्ची टाकून बसायचे.

कार्य झाल्यावर आळीतल्या बायका मदतीला आल्या. रीतीप्रमाणे सगळं निघालं. गादी, चादरी, साड्या. आई मोरीशी बसून एकेक वस्तू बादलीत टाकत होती, हात नेहमीसारखे भराभरा चालत होते. मी तिच्या बाजूला पिळायला बसले होते. ढिगातून तपकिरी मफलर आला. आत्यानं तो शेवटच्या दिवसापर्यंत घातला होता. त्याला मशीनच्या तेलाचा वास होता, आणि तिच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा.

आईचे हात थांबले. वरच्या काकूंनी तो घ्यायला हात पुढे केला, तर आईनं तो मांडीवर ओढून घेतला.

"हा नाही धुवायचा," ती म्हणाली. "ह्यांना लागेल."

मग ओले हात पदराला कोरडे पुसून ती उठली आणि मफलर मशीनजवळच्या खुंटीवर, बाबांच्या खुर्चीच्या मागे अडकवून आली.